पेशंट "हय बाय, करतां" म्हणतो आणि तीन महिन्यांनी शुगर तिथल्या तिथं. खरी तयारी आहे की नाही ओळखायचं कसं?

आहारताई_फोंडा

नमस्कार मंडळी. मी फोंड्याला एका क्लिनिकात डाएटिशियन म्हणून बसते, सात वर्षं झाली, आणि आठवड्यातले दोन दिवस वाळपईच्या बाजूला जाते. प्रश्न जरा लांबलचक आहे, सांभाळून घ्या.

माझ्याकडे येणाऱ्यांत निम्म्याहून जास्त डायबेटिसवाले. त्यात नवल काही नाही, 2023 साली आयसीएमआरचा तो देशभरचा मोठा अभ्यास आला त्यात गोवा पहिल्या नंबरवर होता, 26.4 टक्के, म्हणजे मोठ्या माणसांत चारातला एक, आणि देशाचा आकडा 11.4. तर पेशंट येतो, मी विचारते काय काय खाता, तो सांगतो, मी चार्ट काढून देते. उकड्या तांदळाचं शीत म्हणजे भात एक वाटी, हुमणात (माशांच्या कालवणात) खोबरं कमी, संध्याकाळचा पाव बंद, रोज अर्धा तास चालायचं. शेवटी विचारते "जमेल ना?" आणि उत्तर काय येतं ते गोव्यात राहणाऱ्याला सांगायला नको. "हय बाय, करतां. फाल्यां सावन." उद्यापासून म्हणे. जरा जास्त प्रामाणिक माणूस असला तर "पळोवया," म्हणजे बघूया. आणि तीन महिन्यांनी रिपोर्ट घेऊन येतो तेव्हा एचबीएवनसी, म्हणजे तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा आकडा, 9.4 चं 9.3 झालेलं असतं.

एक पेशंट तर डोक्यातून जात नाही (ओळख पटू नये म्हणून बारीकसारीक बदललंय). वय पन्नाशीच्या पुढं, पूर्वी खाणीवर ट्रक चालवायचा, 2018 मध्ये खाणी परत बंद पडल्या तेव्हापासून ट्रक दारात गंजतोय, आता नात्यातल्या कुणाच्या तरी दुकानात बसतो. परवा पाचव्यांदा आला, बरोबर बायको. मी त्याला विचारते आणि उत्तर ती देते, "करतलो तो, हांव पळयतां." म्हणजे करील तो, मी लक्ष ठेवते. तो नुसती मान हलवतो. त्या दिवशी माझा पेशन्स संपला आणि मी चढ्या आवाजात बोलून गेले की पाय कापायची वेळ येईल तेव्हा कळेल. तो काहीच बोलला नाही, चप्पल घातली आणि गेला. तेव्हापासून मलाच कसंतरी होतंय.

तर विचारायचं हे की माणूस खरंच बदलायला तयार आहे की नुसता माझं मन राखतोय हे आधीच कळायची काही रीत आहे का? कॉलेजात माणूस सवय बदलतो त्याच्या पाच स्टेजेस पाठ केल्या होत्या पण समोर माणूस बसला की त्यातलं काही आठवत नाही. आणि फॉर्मबिर्म नको, माझ्याकडे एका माणसाला वीस मिनिटं असतात आणि बाहेर बाकावर आठ जण ताटकळत असतात.

सांजवात_म्हापसा

ताई, आधी एक सांगते, त्या दिवशी ओरडलात ते मनाला फार लावून घेऊ नका, आम्ही सगळ्यांनी कधी ना कधी केलंय ते. मी काउन्सेलर आहे, दारू आणि तंबाखूवाले पेशंट जास्त, पण तुमचा प्रश्न तोच आहे.

"जमेल ना?" हा प्रश्नच मुळात काढून टाका. त्याला आपल्याकडे एकच उत्तर असतं. समोर शिकलेली बाई बसलीय, तिनं एवढं लिहून दिलंय, तिला तोंडावर नाही कोण म्हणणार? तो "हय" म्हणतो ती तयारी नव्हे, तो मान देतोय तुम्हाला. लग्नाला या म्हटल्यावर येतो म्हणायचं तसलं ते.

आम्ही काय करतो तर शून्य ते दहाची पट्टी. ही काही माझी आयडिया नाही, मिलर आणि रोल्निक या दोघांनी समुपदेशनाची जी पद्धत उभी केली, मिलरचा पहिला लेख 1983 चा, त्या पद्धतीत ही वापरतात. पट्ट्या दोन असतात आणि लोक तिथंच गडबड करतात, एकच विचारून मोकळे होतात. पहिली, ही गोष्ट करणं तुम्हाला किती गरजेचं वाटतं. दुसरी, करायचं ठरवलंच तर जमेल असं किती वाटतं. दोन्ही आकडे वेगळे येतात आणि खरी गंमत त्या फरकात असते. गरज नऊ आणि जमण्याची खात्री दोन असलेल्या माणसाला तुम्ही पाय कापायची भीती घालून काय होणार? त्याला ते आधीच माहीत आहे हो, म्हणून तर नऊ म्हणाला. त्याला भीती नको, वाट पाहिजे. उलट खात्री नऊ आणि गरज दोन असेल तर तो माणूस "मनात आणलं तर उद्या सोडीन" वाला, त्याच्याशी बोलणं वेगळं.

आता आकडा आला की पुढचा प्रश्न महत्त्वाचा. समजा चार म्हणाला. आपल्या तोंडात लगेच येतं "चारच का? आठ का नाही?" असं विचारलं की तो कारणं द्यायला लागतो, घरी जमत नाही, कामाचं टायमिंग तसलं, पोरं पाव आणतात, आणि बोलता बोलता स्वतःचीच खात्री करून घेतो की खरंच जमणार नाही. म्हणून उलटं विचारायचं, चार का, दोन का नाही? मग त्याला स्वतःच्या तोंडानं सांगावं लागतं की थोडं तरी का वाटतंय. माझ्याकडे एकजण असाच म्हणाला होता, "दोन? ना गे बाय, माझ्या भावाची दृष्टी गेली ह्याच रोगानं." त्याच्या फाइलीत भावाचा उल्लेख नव्हता, दोन वर्षं येत होता तो.

पण एक सांभाळा. पुस्तकातलं "दोन का नाही" आपल्या भाषेत जसंच्या तसं म्हटलं की मास्तर उलटतपासणी घेतोय असं वाटतं. मी म्हणते, "चार म्हणालात म्हणजे थोडं काहीतरी वाटतंय खरं. ते काय ते सांगा की." आणि गप्प बसते. गप्प बसणं हे सगळ्यात कठीण, दहा सेकंद पण जात नाहीत आणि आपलं तोंड उघडतं.

आणि तयारी ही माणसाची नसते, त्या त्या गोष्टीची असते. तुमच्या चार्टात चार गोष्टी आहेत, शीत, खोबरं, पाव, चालणं. त्या ट्रकवाल्याला चारही वेगवेगळ्या विचारल्यात का कधी? एका गोष्टीत तो शून्यावर असेल आणि दुसऱ्या कुठल्यातरी गोष्टीत, जी तुमच्या चार्टातच नाही, सातावर बसलेला असेल.

हे सगळं परदेशी थेर वाटत असेल तर आपल्या गोव्यातलंच सांगते. संगथ संस्थेच्या लोकांनी इथल्या 10 प्राथमिक आरोग्य केंद्रांत जास्त पिणाऱ्या पुरुषांवर अभ्यास केला, लॅन्सेटमध्ये 2017 ला आला. बोलणारे डॉक्टर नव्हते, मानसशास्त्रवाले पण नव्हते, ट्रेनिंग दिलेली साधी माणसं, आणि बोलण्याचा पाया हाच. एक ते चार बैठका. तीन महिन्यांनी बघितलं तर त्या गटात 36 टक्के लोक धोक्याच्या पातळीखाली आले होते आणि नेहमीच्या उपचारवाल्या गटात 26. जादू नाही, पण नुसत्या गप्पांचा फरक म्हणून बघा.

हुर्राक_नको_रे

मी पेशंट बाजूचा माणूस, म्हणजे होतो. पेडणे तालुका. वरचं वाचलं आणि राहवलं नाही म्हणून लिहितोय, मोबाइलवर टाइप करतोय चुका सांभाळून घ्या.

चौदा वर्षं रोज पीत होतो, शेवटची चार वर्षं सकाळी पण. ताई तुम्ही विचारता ना पेशंट हय का म्हणतो, मी सांगतो. मी हय म्हणायचो कारण हय म्हटलं की लवकर सोडतात. नाही म्हटलं की लेक्चर, हय म्हटलं की गोळ्यांची चिठ्ठी आणि घर. दहा डॉक्टर केले असतील, दहांनाही हय म्हटलंय. एकाला तर देवाची शपथ घालून सांगितलं आणि बाहेर पडून समोरच्याच टॅव्हर्नात गेलो, खोटं कशाला बोलू.

मग एकदा एका सरकारी दवाखान्यात एक पोरगी भेटली, वयानं माझ्या मुलीएवढी. तिनं पहिला प्रश्न विचारला तो मी जन्मात विसरणार नाही. म्हणाली, "काका, पिण्यात तुम्हाला चांगलं काय वाटतं?" मी म्हटलं ही काय थट्टा करते की काय. पण तिनं खरंच विचारलं होतं. मग मी सांगितलं की झोप लागते, आणि संध्याकाळी चार माणसं भेटतात नाहीतर मला कोण विचारतो. पाच मिनिटं मी दारूची बाजू घेऊन बोललो, तिनं ऐकून घेतलं, मधे एकदा पण "पण काका" म्हणाली नाही. आणि सगळं बोलून झाल्यावर माझ्याच तोंडून निघालं की पण आता झोप पण लागत नाही आणि ती चार माणसं पण उरली नाहीत, दोघं वारले. तिनं काढून घेतलं नाही ते, आपोआप बाहेर आलं. त्या दिवशी पण मी सोडली नाही हां. तिनं सोडा असं म्हटलंच नाही. पुढच्या गुरुवारी या म्हणाली आणि मी गेलो, कोणी न ढकलता गेलो ही माझी पहिली वेळ.

दोन गोष्टी डॉक्टर लोकांनी लक्षात ठेवाव्या. एक, माझ्यासारखा रोज सकाळपासून पिणारा माणूस जोशात येऊन "आजपासून बंद" म्हणाला तर त्याला शाब्बास म्हणून घरी पाठवू नका. मी आधी एकदा असाच घरच्या घरी बंद केली होती, दुसऱ्या रात्री हात थडथडायला लागले, तिसऱ्या दिवशी फिट आली, बांबोळीच्या मोठ्या सरकारी हॉस्पिटलात नेलं. नंतर कळलं की तसं एकदम सोडणं जिवावर बेतू शकतं, डॉक्टरच्या देखरेखीखाली गोळ्या देऊन सोडवावी लागते. म्हणजे तयारी दहा होती आणि तरी चुकलं.

दुसरी गोष्ट हुर्राक, काजूच्या बोंडांची ती सीझनातली दारू. काजूचा सीझन आला, मार्च एप्रिल, की गावात वासच सुटतो, भट्ट्या पेटतात, जो तो बाटली घेऊन येतो, ही काय दारू आहे काय, लिंबू सोडा घाल, मिरची घाल, औषध आहे. दोन वर्षं लागोपाठ मी एप्रिलमध्येच घसरलो. पहिल्या वर्षी सगळे म्हणाले ह्याची तयारीच नव्हती. दुसऱ्या वर्षी त्या पोरीनं फेब्रुवारीतच विचारलं, काका एप्रिलचा आकडा किती? आताचा नको, एप्रिलचा सांगा. मी म्हटलं तीन. तरी घसरलो, पण नऊ दिवसांत परत तिच्याकडे गेलो, आधीच्या वर्षी सात महिने लागले होते. तिसऱ्या वर्षी सीझनभर बहिणीकडे राहिलो, कारवारला. आता सहा वर्षं झाली.

निवृत्त_दोतोर

चर्चा चांगली चाललीय. मी चाळीस वर्षं जनरल प्रॅक्टिस केली, आता सकाळी पोई खातो आणि असल्या ठिकाणी मतं देतो.

सांजवातबाईंचं बरंचसं पटतं, पण थोडं पाणी ओततो. ताईंनी सुरुवातीला त्या पाच स्टेजेसचा उल्लेख केलाय. प्रोचास्का आणि डिक्लेमेंटे यांनी मुळात स्वतःहून सिगरेट सोडणाऱ्या लोकांचा अभ्यास केला, 1983 चा त्यांचा पेपर प्रसिद्ध आहे, आणि त्यातून ती मांडणी आली, विचारच नाही, विचार चाललाय, तयारी, कृती, टिकवणं. शिकवायला सोपं आहे म्हणून जगभर पसरलं. पण सहा महिन्यांत सोडायचा विचार असेल तर ही स्टेज, महिन्याभरात असेल तर ती, या रेघा कुणी आखल्या? सहा महिनेच का, पाच का नाही? रॉबर्ट वेस्ट नावाच्या संशोधकानं 2005 मध्ये सरळ लिहिलं की हे मॉडेल आता बाजूला ठेवा. त्यानंच पुढच्या वर्षी ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये दाखवलं की सिगरेट सोडण्याच्या प्रयत्नांपैकी जवळजवळ निम्मे कसलीही पूर्वतयारी न करता झालेले होते, माणसानं त्या क्षणी ठरवलं आणि सोडली, आणि अशा लोकांचं यश ठरवून सोडणाऱ्यांपेक्षा कमी नव्हतं, जास्तच होतं.

याचा अर्थ माझ्यासारख्या साध्या डॉक्टरला काय? की "हा पेशंट अजून तयार नाही" असा शिक्का मारून त्याला तसाच परत पाठवायचा अधिकार आपल्याला नाही. आकडा दोन असला तरी मदत समोर ठेवायची. सिगरेटवाल्याला मी प्रत्येक खेपेला एकच वाक्य सांगायचो, सोडायची असेल तेव्हा औषध आहे, मी आहे, आणि पाकिटावर 1800-11-2356 हा फुकटचा नंबर छापलेला आहे. तीस सेकंद. एकजण अकरा वेळा हसला, बाराव्या वेळी थांबला. त्याची तयारी अकराव्या आणि बाराव्या वेळेच्या मधे कधीतरी झाली, बहुतेक नातू झाला तेव्हा, मला कुठली पट्टी दाखवणार ते?

दुसरं, आपण ज्याला तयारी नाही म्हणतो ते पुष्कळदा तयारीचं प्रकरणच नसतं. रोज अर्धा तास चाला. कुठं? जून ते सप्टेंबर पावसात? वाड्यावरच्या रस्त्यावर संध्याकाळी सात कुत्री बसलेली असतात, फूटपाथ नाही, वळणावरून टिप्पर येतो. माझ्या एका पेशंटीणबाईला मी दोन वर्षं आळशी समजत होतो. एकदा तिच्या घरी व्हिजिटला गेलो तेव्हा तिथल्या कुत्र्यानं मलाच पळवलं. मग तिला देवळाच्या मंडपात चालायला सांगितलं, ती आजतागायत चालते. तिची तयारी पहिल्या दिवसापासून होती, माझ्या डोक्यात उजेड नव्हता.

आणि ताई, एक डॉक्टरी सूचना. ज्यांना शुगर खाली आणणाऱ्या काही जुन्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू आहे असा माणूस भलत्या उत्साहानं एकदम शीत सोडून बसला तर शुगर फार खाली जाऊन घाम, थरथर, चक्कर येऊ शकते. दहा आकडा सांगणाऱ्याची गोळ्यांची चिठ्ठी आधी बघा आणि त्याच्या डॉक्टरला फोन करा.

सूनबाई_साखळी

मी यातली कोणी नाही पण एक विचारते. तुम्ही सगळे पेशंटची तयारी मोजताय, रांधतो कोण ते विचारलंत का? आमच्याकडे सासऱ्यांना डायबेटिस, डाएटिशियनकडे जातात सासरे, चार्ट येतो फ्रिजवर, आणि स्वयंपाक करते मी. हुमणाला खोबरं कमी घातलं की सासरे गप्प खातात पण सासूबाई ताट सरकवतात की आम्ही काय आजारी आहोत. तीन माणसांच्या घरात दोन वेगळी हुमणं मी नोकरी करून करायची? माझा आकडा विचाराल तर दोन. मला कोणी विचारलाच नाही ती गोष्ट वेगळी.

सांजवात_म्हापसा

सूनबाई, लाख बोललात. मी दारूवाल्यांच्या बाबतीत घरच्यांना वेगळं बोलावते पण जेवणाच्या बाबतीत हे असं सुचलं नव्हतं.

डॉक्टर, तुमचं म्हणणं मान्य, आणि मिलरवाल्यांचं म्हणणं पण फार वेगळं नाही हो. पट्टी माणसाला खोलीबाहेर ठेवायला नसतेच, आज काय बोलायचं तेवढं ठरवायला असते. आज दोन म्हणणारा पुढच्या मंगळवारी सहा म्हणेल. म्हणून मी आकडा फाइलीत कायमचा लिहून ठेवत नाही, दर खेपेला नव्यानं विचारते. फक्त तुमचं ते तीस सेकंदांचं वाक्य आधी "एक सांगू का?" विचारून म्हणून बघा. परवानगी मागितली की तोच माणूस कान देऊन ऐकतो.

आहारताई_फोंडा

सगळ्यांचे आभार, रात्री दोनदा वाचलं. हुर्राकवाले काका, तुमचं वाचून डोळ्यांत पाणी आलं.

एक अडचण आहे. काल वाळपईला तीन जणांना पट्टी लावून बघितली. पहिल्या दोघांचं ठीक, पण तिसरी आजी, सत्तरीच्या पुढची, शाळा बघितलेली नाही. मी म्हटलं आजी शून्य ते दहात किती, तर म्हणाली "धा." दुसरी पट्टी, "धा." मग लक्षात आलं की तिला वाटलं मी मार्क विचारतेय, आणि कमी कशाला सांगायचे! आकड्यांशिवाय काही आहे का?

कदंबातला_सीट_नंबर_7

हॅलो, मी फिजिओथेरपिस्ट, गुडघे आणि कंबर. आमच्याकडे पण हाच ताप, व्यायाम केला का विचारलं की सगळे केला म्हणतात आणि गुडघा वाकवून बघितला की कळतं.

मी आकडे सोडून दिलेत. बसचं विचारतो. म्हणजे समजा पणजीला जायचंय. काहीजण घरातच आहेत, जायचं की नाही तेच ठरलेलं नाही. काहीजण कपडे करून दारात उभे. काहीजण तिठ्यावर बसची वाट बघतायत. काहीजण बसमध्ये बसलेत. आणि काहीजण गेले होते पण अर्ध्या वाटेवरून उतरून परत आले. व्यायामाच्या बाबतीत तुम्ही कुठं? आजीआजोबांना हे झटकन कळतं, आणि उत्तरं अशी येतात की आकड्यात कधीच आली नसती. एक आजोबा म्हणाले मी तिठ्यावरच आहे पण बस थांबत नाही. विचारल्यावर कळलं की मुलगा रात्री उशिरा येतो आणि यांना जमिनीवर झोपून करायचे व्यायाम एकट्यानं करायची भीती, उठताच आलं नाही तर? मग खाटेवर बसून करायचे शिकवले. एक बाई म्हणाली मी बसमध्ये आहे, पण चुकीच्या, मला जायचंय मडगावला, म्हणजे तिला गुडघा वाकवण्यात काही रस नव्हता, तिला चवथीला गणपतीच्या वरची माटोळी बांधायला स्टुलावर चढता यायला पाहिजे होतं. तिथून पुढं तिचा सगळा व्यायाम स्टुलाच्या हिशेबानं बसवला.

डॉक्टरसाहेब म्हणतील ह्या पण स्टेजेसच झाल्या. झाल्या खऱ्या, पण बसवाला माणूस घरातून थेट धावत येऊन चालत्या बसमध्ये पण चढतो हे आपल्याकडे सगळ्यांना माहीत आहे, त्यामुळे तुमचा वेस्टसाहेब पण त्यात बसतो.

निवृत्त_दोतोर

बसला म्हणजे उभा राहून प्रवास करतोय म्हणा. छान आहे पण, चोरणार.

आणखी एक जुनी युक्ती सांगून गप्प बसतो. जमेल का याचा अंदाज घ्यायचा तर माणसानं आधी काय जमवलंय ते विचारा. आपल्याकडे श्रावणात कितीतरी घरांत महिनाभर नुस्त्याचं, म्हणजे मासळीचं, नाव काढत नाहीत, आणि हे नुस्त्याशिवाय घास न उतरणारे लोक हां. ख्रिश्चन शेजारी लेंटमध्ये, ईस्टरआधीच्या उपवासात, पाळतात. "मला काही सोडता येत नाही" म्हणणाऱ्याला मी विचारायचो, मग श्रावणात काय करता? तेव्हा घरात कसं चालतं, पहिले चार दिवस कसे जातात, मन झालं तर काय करता? तो सांगायला लागला की त्याचंच त्याला आश्चर्य वाटायचं. फक्त यात एक फसगत आहे, श्रावण संपायची तारीख ठरलेली असते आणि चवथ झाली की दुसऱ्या दिवशी बाजारात झुंबड. म्हणून मी पण जन्मभराचं कधी मागितलं नाही, पंधरा दिवसांचं मागायचो.

आहारताई_फोंडा

तीन आठवडे झाले, अपडेट द्यायला आले.

ट्रकवाल्यांना मी स्वतः फोन केला. आधी सॉरी म्हटलं त्या दिवशीबद्दल. पलीकडं बराच वेळ शांतता. मग म्हणाले येतो. बायकोला मी म्हटलं वहिनी तुम्ही पाच मिनिटं बाहेर बसा, मग तुमच्याशी पण वेगळं बोलायचंय. त्या जरा नाराज झाल्या पण बसल्या.

चार्ट काढलाच नाही. शीत कमी करायचा आकडा विचारला, म्हणाले एक. पहिल्यांदाच खरं बोलले माझ्याशी, आणि मला एवढं बरं वाटलं त्या एकचं! मी म्हटलं एक तर एक, शून्य नाही म्हणालात. तर म्हणाले, शून्य म्हटलं तर तू परत आरड मारशील. दोघंही हसलो. मग विचारलं की शीत राहू दे, दिवसभरात तुम्हाला स्वतःला कुठं वाटतं की हे जरा जास्त होतंय? विचार करून म्हणाले, च्या. खाणीवर होते तेव्हा प्रत्येक ट्रिपला एक कप व्हायचा, तीन चमचे साखरेचा, ती सवय राहिली, आता ट्रिप नाहीत पण दुकानात बसल्या बसल्या सात आठ कप होतात. सात आठ कप! मी पाच वेळा या माणसाचं जेवण लिहून घेतलंय आणि च्या एकदाही विचारला नव्हता, सकाळचा आणि संध्याकाळचा धरून दोन लिहिले होते. साखर कमी करायचा आकडा आठ, जमायची खात्री सहा. सहा का म्हणालात विचारलं तर म्हणे दुकानाच्या बाजूचा चहावाला ओळखीचा आहे, त्याला सांगून ठेवलं तर तो कमी घालील. दहा का नाही ते मी विचारलंच नाही, जीभ चावली.

त्यांच्या डॉक्टरांना फोन करून गोळ्यांचं पण विचारून घेतलं, त्यांनी तसंच चालू ठेवा, आठवड्यातून दोनदा घरी शुगर बघा म्हटलं.

वहिनींचा आकडा पण विचारला, सूनबाईंची आठवण ठेवून. त्यांनी आकडा दिलाच नाही, त्या रडायलाच लागल्या, म्हणाल्या ट्रक गेल्यापासून ह्यांना जेवणाशिवाय दुसरं सुख काय राहिलंय, ते पण मी कसं काढून घेऊ. म्हणजे माझ्यासमोर "हांव पळयतां" म्हणणारी बाई घरी जाऊन स्वतःच जास्तीचं शीत वाढत होती. त्यावर काय बोलावं मला सुचलं नाही, मी नुसती बसून राहिले. सांजवातताई, अशा वेळी तुम्ही काय करता? त्यांना पुढच्या खेपेला परत एकटं बोलावू की दोघांना एकत्र बसवू? शनिवारी येतायत.